गळ्याखालचा कोठा

उत्तर न दिलेली पत्रं माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण अंगावर आलं ते एकच. अंगावर म्हणजे शब्दशः अंगावर. नेमकं सांगायचं तर गळ्याच्या हाडाखाली, डाव्या बाजूला, दोन बोटं जागा सोडून.

पत्र माझ्या भाच्याच्या कंपनीचं होतं. भाचा दोनच दिवसांपूर्वी आमच्याकडे जेवून गेला होता. जेवताना तो आमटीत मीठ कमी आहे एवढंच बोलला. पत्र मात्र 'आदरणीय महोदय' असं सुरू झालेलं. "आमच्या उपकरणाचे पहिले धारक होण्याचा मान आपण स्वीकारावा, ही विनंती. पंधरा दिवसांत आपले उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे समजण्यात येईल." खाली सही, आणि सहीखाली त्याच्या नेहमीच्या गिचमिड अक्षरात, "मामा, कळावे."

मान हा शब्द आपल्या भाषेत मोठा दगाबाज आहे. कोणी तो देऊ लागला, की आधी कोणाची मान जाणार आहे ते बघावं. मी बघितलं होतं. माझीच होती. तरीही मी पंधरा दिवसांत 'नको' हा दोन अक्षरी शब्द कळवू शकलो नाही. प्रयत्न केला नाही असं नाही. अकरा मसुदे लिहिले. पहिला चार पानी होता. तिसऱ्यात मी भाच्याच्या बुद्धिमत्तेची इतकी स्तुती केली, की शेवटी नकार लिहायला जागाच उरली नाही. सातवा वाचून पाहिला तर तो होकार निघाला. अकरावा पाकिटात घालेपर्यंत सतरावा दिवस उजाडला होता.

"मौन म्हणजे संमती," मी बायकोला म्हणालो.

"मला सांगता?" ती म्हणाली. "आपलं लग्न तसंच ठरलंय."

तर हे उपकरण. त्याची गोष्ट पत्राच्या आधीची. तांदळाच्या दाण्याएवढी एक काचेची कुपी. ती कातडीखाली बसवायची. तिच्यात माणसाची सगळी माहिती साठवायची, म्हणजे आजारपणं, कागदपत्रं, फोटो, पत्ते, सगळं. जवळ एक यंत्र धरलं की तारेशिवाय ती माहिती त्या यंत्रावर येते. भाचा आणि त्याचे दोन भागीदार तीन वर्षं ती कुपी आखत होते. बाहेरचं सगळं जमलं, पण आत माहिती कशी लावायची यावर गाडी अडली. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं, की आपला मामा छत्तीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांची सूची करत होता. मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. त्यामुळे मला विचारण्यासारखी ही एकच गोष्ट होती, आणि ती विचारायला कोणी तरी आलं याचं मला इतकं अप्रूप वाटलं, की मी पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. लोक गोष्टी गळ्यात मारतात. माझ्या भाच्याने ती गळ्याखाली मारली.

मी कामाला लागलो. माणसाचे चौदा विभाग पाडले. त्यांना उपविभाग पाडले. चौदावा विभाग 'इतर'. सूची करणारा कोणीही सांगेल, की जगातली खरी गर्दी 'इतर'मध्येच असते. मग भाचा म्हणाला, "मामा, चाचणीसाठी तुमचीच माहिती भरून द्या." मी आठवडाभर बसून भरली. ती यंत्रात चढवल्यावर भाच्याने पडदा दोनदा वर-खाली सरकवून पाहिला.

"काही चुकलं का रे?"

"नाही, बरोबर आहे सगळं. फक्त यात एक कोटी पानं मावतात, मामा. तुमचं अकरा पानांत आटोपलंय."

"आणि त्यातली नऊ 'इतर'मध्ये," त्याचा भागीदार म्हणाला. हा माणूस एरवी अजिबात बोलत नाही.

पुढे पत्राच्या उत्तराचे मसुदेही अकराच झाले, तो मेळ मी लावत बसलो नाही, पण त्या रात्री 'इतर' विभाग पुन्हा एकदा तपासला हे खरं.

आता शब्दाबद्दल. सरकारी परवानगीसाठी अर्ज करायचा होता आणि अर्जात उपकरणाला नाव हवं होतं. भाचा म्हणाला, "डेव्हाइस लिहा." मी म्हणालो, आपल्या भाषेत काय कमी आहे? माझ्यासारख्या माणसाच्या अंगी धाडस नसतं, ते तो शब्दांत काढतो. चार दिवस कोश चाळले आणि मला 'कोठा' हा शब्द सुचला. कोठा म्हणजे साठवणीची जागा, धान्याचा असतो तसा. आणि कोठा म्हणजे पोटाचा आतला भागही, 'कोठा साफ नाही' म्हणतो तो. साठवण आणि शरीर, दोन्ही एका शब्दात. मला इतका आनंद झाला, की मी तो शब्द खाली राहणाऱ्या विमावाल्यांना जाऊन सांगितला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "याला आणखी एक अर्थ आहे, आजोबा. सिनेमात असतो तो. या वयात उगाच चर्चा होईल."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. ते करायला नको होतं, पण मी आयुष्यात इतक्या कमी गोष्टींकडे दुर्लक्ष केलंय, की एखादी संधी वाया घालवावीशी वाटत नाही. अर्ज गेला तो असा: 'मानवी देहांतर्गत बिनतारी माहिती-कोठा.'

मी कोठ्यातला पहिला माणूस होणार, ही बातमी पत्राची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीत पसरली. विमावाले कागद घेऊन वर आले. ते म्हणाले, आत वस्तू बसवली की शरीराची किंमत बदलते, सगळं नव्याने भरावं लागेल. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी सुचवलं, की आत पाढे घालून ठेवा, वयानुसार विसरतात. बायकोचा प्रश्न एकच होता.

"यांचा चष्मा कुठे आहे ते सांगेल का ते?"

"नाही हो मामी," भाचा म्हणाला. "पण मामांचा चष्म्याचा नंबर सांगेल."

"नंबर मला पाठ आहे. चष्मा सापडत नाही." मग तिने विचारलं, "टिकतं किती?"

"दहा वर्षांची गॅरंटी आहे."

"त्याची की यांची?"

भाचा हसला. मग ती म्हणाली, "एवढी चांगली वस्तू आहे, तर तू स्वतःच्या अंगात का घालून घेत नाहीस?"

"मामी, शिंपी काय स्वतः शिवलेलं सगळं घालून फिरतो? आणि मला दिवसभर कामं असतात."

म्हणजे मला नसतात. तेही खरंच होतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई माझी थोरली बहीण आणि भाच्याची आई. तिला आत्तापर्यंत मी कशाला नाही म्हटल्याचं आठवत नाही. तिलाही आठवत नाही, आणि म्हणूनच ती फोन करते. "तांदळाच्या दाण्याएवढं तर आहे," ती म्हणाली. "त्याने भागीदारांना शब्द दिलाय. तुला अंगाखांद्यावर खेळवलं मी. तुझ्या खांद्याखाली एक दाणा बसला, तर काय बिघडलं?"

काय बिघडलं, हे मला सांगता येईना. सुईला मी भितो, हे एक. पण सुई एकदाच टोचते. खरी गोष्ट अशी, की छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची पुस्तकं उघडून आत काय आहे ते कार्डावर लिहिलं. मला कोणी उघडून पाहिलं नाही आणि मला ते बरं वाटत आलं. आता कोणीही जवळ येऊन यंत्र धरावं आणि मी त्याच्या पडद्यावर उमटावं, ही कल्पना मला सहन होईना. पण हे फोनवर बोलण्यासारखं वाक्य नाही. मी म्हणालो, "बघू." ताई म्हणाली, "मला माहीतच होतं."

शस्त्रक्रियेआधी पंधरा दिवस कुपी अंगाला सवयीची व्हावी, म्हणून भाच्याने ती माझ्या छातीवर चिकटपट्टीने लावली. "विसरून जा," तो म्हणाला. विसरणं मला जमतं. मी तसाच माझ्या जुन्या ग्रंथालयात गेलो. अर्धा तास वर्तमानपत्र वाचलं. बाहेर पडताना दारातली चौकट बोंबलायला लागली.

ही चौकट माझ्यानंतर आली. पुस्तक नोंद न करता बाहेर नेलं की ओरडते. पहारेकरी नवीन होता.

"आजोबा, पुस्तक काढा."

"माझ्याकडे पुस्तक नाही."

"मग हे का ओरडतंय?"

"माझ्या छातीत काही तरी आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी फार घाईत बोललो. त्याने खुर्ची आणली, पाणी आणलं, माझी बटणं काढली आणि चिकटपट्टी बघून पुन्हा उभा राहिला. आता त्याच्या चेहऱ्यावर दया उरली नव्हती. "पुस्तक चिकटवून नेणारा मी पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला.

मग काउंटरवरच्या बाईंनी पडद्यावर पाहिलं. भाच्याने चाचणीपुरता माझ्या कुपीला एक हजार एक हा क्रमांक दिला होता. त्याच क्रमांकाचं एक पुस्तक ग्रंथालयात दाखल होतं. बाईंनी मोठ्याने वाचलं: "जनावरांचे रोग, भाग दुसरा. स्थिती जीर्ण. पाठ खिळखिळी. पाने सुटी. संदर्भ विभाग, बाहेर नेण्यास मनाई."

वाचनालयातल्या सगळ्या माना वर झाल्या. त्या नोंदीतला शब्द न् शब्द मी स्वतः लिहिलेला होता, बत्तीस वर्षांपूर्वी, आणि लिहिताना मला स्वतःच्या नेमकेपणाचा अभिमानही वाटला होता. बाईंनी मला एक तास बसवून ठेवलं. भाचा येऊन मला सोडवून घेऊन गेला. जाताना रजिस्टरमध्ये त्याची सही घेतली. नेणाऱ्याचं नाव त्याचं आणि नेलेल्या वस्तूच्या रकान्यात मी.

तेवढ्यात अर्जाचं काही तरी व्हायला लागलं. आधी आरोग्य खात्यातून बोलावणं आलं. तिथल्या बाबूने अर्ज न उघडताच विचारलं, "कोठा किती दिवसांपासून?"

"जानेवारीपासून," मी म्हणालो. अर्जाची तारीख ती होती.

"जानेवारीपासून?" त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. मला आत पाठवलं. आतल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि एक चूर्ण दिलं. गैरसमज झालाय, हे मला चूर्ण हातात आल्यावर कळलं. तेव्हा डॉक्टरांना चूक सांगणं मला उद्धटपणाचं वाटलं. घरी येऊन मी ते घेतलंही. एवढ्या सगळ्या अर्जफाट्यातून निष्पन्न झालं ते तेवढंच.

मग कागद बिनतारी खात्यात गेले. तिथल्या बाईंना मनोऱ्याची उंची हवी होती. मनोरा नाही, असं म्हटलं तर रकाना रिकामा राहतो, आणि रकाना रिकामा राहिला तर अर्ज परत जातो. मी पाच फूट चार इंच लिहिलं. जवळच्या विमानतळापासूनचं अंतर विचारलं होतं. मी 'बदलते' असं लिहिलं. मनोरा चालतो का, असा शेरा मारून त्यांनी कागद तिसऱ्या खात्याकडे ढकलले. कोठा म्हणजे साठवणीची जागा, हे ज्या खात्याला बरोबर कळलं ते हे एकच. गोदामांचं खातं.

एका मंगळवारी गोदाम निरीक्षक घरी आले. सडपातळ, वयस्कर, हातात टेप आणि काखेत जाड वही. शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली होती, त्यामुळे भाचाही आला होता आणि ताईला त्याने माझ्या फोनवर घेतलं होतं. फोन टीपॉयवर उताणा ठेवला होता.

"कोठा कुठे आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

भाच्याने माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. "इथे होणार आहे."

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, वही उघडली आणि लिहायला सुरुवात केली. नोकरीत त्यांनी याहून विचित्र गोदामं पाहिली असावीत.

"बांधकाम किती सालचं?"

भाच्याने माझं जन्मसाल सांगितलं.

"जुनं आहे. डागडुजी?"

"दोन दात आणि एक मोतीबिंदू," बायको म्हणाली.

"ओल येते?"

"थंडीत सर्दी होते."

"हवा खेळती आहे?"

"जिना चढल्यावर नाही," ती म्हणाली. तिला मजा वाटायला लागली होती.

"उंदीर?"

"यांच्यापर्यंत पोचत नाहीत ते. वाटेत पुस्तकं आधी लागतात."

निरीक्षकांनी माझ्या खांद्यापासून खांद्यापर्यंत टेप लावली आणि आकडा लिहिला. "आत काय साठवणार?"

"माहिती," भाचा म्हणाला.

"नाशवंत?"

मी म्हणालो, "बऱ्यापैकी." तेवढं एकच उत्तर माझं होतं.

मग त्यांनी पान उलटलं. "जागामालक कोण?"

"कंपनीच लिहा," भाचा म्हणाला.

"कोठा कंपनीचा. तो मी वर लिहिलाय. जागा कोणाची?"

"जागा मामांची. म्हणजे घरातलीच आहे."

"घरातली म्हणजे कोणाची?"

"आमचीच म्हणा ना," फोनमधून ताई म्हणाली. "माझा भाऊ आहे तो. तो नाही म्हणणार नाही."

निरीक्षकांनी फोनकडे बघून चष्मा नीट केला. "बाई, 'नाही म्हणणार नाही' असा रकाना नसतो. संमतिपत्र आहे का?"

भाच्याने फाइलमधून आपल्या पत्राची प्रत काढली. निरीक्षकांनी ती दोनदा वाचली. "हे तुम्ही त्यांना लिहिलंय. त्यांचं उत्तर कुठे आहे?"

"त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हणजे संमती आहे."

"आमच्या खात्यात नाही," निरीक्षक म्हणाले. "आमच्याकडे उत्तर नाही म्हणजे हरकत. मालक गप्प बसला म्हणून कोणी त्याच्या जागेत पोती आणून टाकायची नसतात, साहेब. रोज होतं असं. म्हणून तर आमचं खातं आहे." आणि मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "आपलं काय म्हणणं?"

पहिल्या दिवसापासून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. भाच्याने नाही, ताईने नाही आणि खरं सांगायचं तर माझ्या बायकोनेही नाही, कारण तिला उत्तर माहीत होतं. विचारलं ते धान्याच्या पोत्यांच्या खात्यातल्या एका परक्या माणसाने, तेही मला गोदाम समजून.

आणि मी काय म्हणालो? "विचार करून कळवतो."

"मामा," भाचा म्हणाला, "गुरुवारी डॉक्टर ठरलेत."

"मग गुरुवारच्या आत कळवा," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "लेखी, टपालाने. शिक्का बुधवारचा चालेल. एक प्रत यांना, एक आम्हाला."

"कारणं किती पानांत द्यायची?" मी विचारलं. अकरा मसुदे माझ्या डोळ्यांसमोर होते.

"कारण?" त्यांनी वही माझ्यासमोर धरली. "आहे कुठे जागा? मालकाचं नाव, पत्ता आणि 'हरकत आहे' किंवा 'हरकत नाही'. नको ते खोडायचं. जागा तुमची असेल तर कारण कशाला लागतं?"

ते चहा न घेता गेले. भाचा गेला, पण जाण्याआधी दारात थांबून म्हणाला, "तुम्ही असं काही करणार नाही, मला माहीत आहे, मामा." तो हे प्रेमाने म्हणाला, आणि तेच मला लागलं. ताईने फोन ठेवला नव्हता. "तू ऐकतोयस ना?" ती म्हणाली. मी ऐकत होतो. मी म्हणालो, "ताई, मी तुला पत्र लिहीन." ती म्हणाली, "इतकी वर्षं लिहिलंस का कधी?" तिचंही चुकलं नाही.

बुधवारी सकाळी मी टेबलाशी बसलो. कागदावर 'चिरंजीव भाच्यास' लिहिलं आणि सवयीने पुढे, 'तुझ्या बुद्धिमत्तेचा मला', इथवर आलो. मग तो कागद बाजूला ठेवला. दुसरा घेतला. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. 'माझ्या जागेत कोठा बसवण्यास हरकत आहे,' एवढं लिहून सही केली आणि तशीच दुसरी प्रत काढली. कारण लिहायला हात शिवशिवत होता. बायको मागून वाचत उभी होती.

"खाली 'क्षमस्व' लिहू का?" मी विचारलं.

"कोणाची?"

मी नाही लिहिलं. तिने पाकिटं चिकटवली, कारण तिला माझा भरवसा नव्हता. मग म्हणाली, "चष्मा घालून जा," आणि तो माझ्या डोक्यावरून काढून नाकावर ठेवला. कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत मी एकटाच गेलो. आधी गोदाम खात्याचं पाकीट टाकलं, ते सोपं होतं. भाच्याचं हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. मागे एक बाई आल्या, त्यांना पत्र टाकायचं होतं. "तुम्ही आधी टाका," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "नाही, तुम्ही आधी आलात."

टाकलं. खाली पडल्याचा आवाज आला, आणि लगेच मला शंका आली, की 'चिरंजीव' तरी लिहायला हवं होतं. मी फटीत हात घालून पाहिला. बोटं जातात, मनगट अडतं. त्या बाई बघत होत्या, म्हणून हात काढून घेतला. पेट्या बनवणाऱ्याला माझ्यासारखी माणसं माहीत असणार.